बेसच्या फ्लॅटवाउंड तारा: एक बेस, चार संच

राउंडवाउंड तारांवरून फ्लॅटवाउंडकडे वळणारा बेसवादक बहुधा पहिला प्रश्न आवाजाचाच विचारतो, आणि मीही तोच विचारला होता. चौतीस इंची स्केलच्या (म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या लांबीच्या), चार तारांच्या एका प्रिसिजन धाटणीच्या बेस गिटारवर गेल्या तीन वर्षांत चार निरनिराळे फ्लॅटवाउंड संच चढवून आणि त्यांतला प्रत्येक किमान सहा महिने वाजवून झाल्यावर, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला हवा होता असे माझे मत झाले आहे. पहिला प्रश्न तारेच्या ताणाचा असायला हवा. पाकिटातून काढल्या दिवशी जे संच एकमेकांपासून अगदी वेगळे वाटतात, ते दोन-तीन महिन्यांच्या वाजवण्यानंतर आवाजाच्या बाबतीत बरेच जवळ येतात. ताण मात्र तार उतरवेपर्यंत तसाच राहतो, आणि दोन्ही हातांना व नेकला, म्हणजे गिटारच्या मानेला, रोज त्याच्याशीच जुळवून घ्यावे लागते.

ज्यांनी ही तार अजून हाताळलेली नाही त्यांच्यासाठी रचनेबद्दल थोडे सांगते. बेसच्या तारेच्या गाभ्यात पोलादाची एक सरळ तार असते आणि तिच्याभोवती दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. ही गुंडाळलेली तार गोल असली की राउंडवाउंड, आणि सर्वांत बाहेरचा वेढा चपट्या पट्टीचा असला की फ्लॅटवाउंड. चपट्या पट्टीमुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो, बोट सरकवताना होणारी किरकिर जवळजवळ नाहीशी होते, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कमी झिजतात, आणि फ्रेट नसलेल्या बेसवर लाकडी फिंगरबोर्डलाही कमी चरे पडतात. आवाजात वरचे उपस्वर लवकर विरतात आणि मूळ खर्ज उरतो. तानपुऱ्याच्या भाषेत सांगायचे तर राउंडवाउंडची जवारी खुली आणि फ्लॅटवाउंडची बंद. १९५१ साली फेंडरची प्रिसिजन बेस बाजारात आली तेव्हापासून पुढची सुमारे दीड दशके इलेक्ट्रिक बेसवर मुख्यतः हीच तार असे; १९६६च्या सुमारास ‘द हू’ या रॉक बँडच्या जॉन एन्टविसल यांनी रोटोसाउंड या तारांच्या कंपनीबरोबर बसून राउंडवाउंड तारा आपल्याला हव्या तशा करून घेतल्या आणि त्यानंतर चित्र पालटले. म्हणून जुन्या सोल किंवा पॉप ध्वनिमुद्रणांतला तो गोल, ठसठशीत, ड्रमच्या किकला चिकटून चालणारा बेस हवा असेल, तर इक्वलायझरची बटणे फिरवत बसण्यापेक्षा तारा बदलणे सोपे पडते.

आता ताणाविषयी, कारण माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. तारांच्या पाकिटावर ठळक छापलेले आकडे जाडीचे असतात, इंचाच्या हजाराव्या भागांत: ४५, ६५, ८५, १०५ असे. ते वाचून वादक ‘हलका’ किंवा ‘भारी’ संच निवडतो. परंतु ठरावीक लांबीची तार ठरावीक स्वराला लावायची असेल तर तिला किती ओढावे लागेल हे तिच्या वजनावर ठरते, आणि वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकाच बांधणीच्या १०० आणि १०५ जाडीच्या दोन ई, म्हणजे सर्वांत जाड, तारा घेतल्या तर जाडी पाच टक्क्यांनीच वाढते, ताण मात्र दहा टक्क्यांनी. त्यात गाभा किती जाड, पट्टी कोणत्या धातूची आणि आतले वेढे किती, यांनुसार सारख्याच जाडीच्या दोन कंपन्यांच्या तारांचा ताणही वेगळा येतो. चार तारांचा एकूण ताण साठ-पासष्ट किलोपासून नव्वदच्या पुढेही जातो. म्हणजे एका टोकाच्या संचावरून दुसऱ्या टोकाच्या संचावर जाताना नेकवरचा भार जवळपास दीडपट होतो, आणि तरीही दोन्ही पाकिटांवर केवळ ‘फ्लॅटवाउंड’ एवढेच लिहिलेले असते. बऱ्याच कंपन्या ताणाचे आकडे प्रसिद्ध करतात. ते मिळाले तर आधी तेच पाहावेत.

मिळाले नाहीत तर घरगुती हिशेब करता येतो. मोकळ्या तारांची, बारीक ते जाड या क्रमाने, कंपने सेकंदाला जी ९८, डी ७३.४, ए ५५ आणि ई ४१.२ असतात. प्रत्येक तारेच्या जाडीचा वर्ग आणि कंपनसंख्येचा वर्ग यांचा गुणाकार केला की एकाच संचातल्या चार तारांची ढोबळ तुलना होते. खरा ताण किती हे त्यातून कळत नाही, पण कोणती तार इतरांपेक्षा ताठ असेल आणि कोणती सैल, एवढे नक्की कळते. मी हा हिशेब करायला फार उशिरा लागले.

पहिला संच डॅडारिओच्या क्रोम्सचा होता, जाडी ४५, ६५, ८०, १००. फ्लॅटवाउंडमधला सर्वांत उजळ संच म्हणून त्याची ओळख आहे आणि ती बरोबर आहे. राउंडवाउंडवरून येणाऱ्याला तो परका वाटत नाही; पहिले काही आठवडे तर पिकने वाजवल्यावर चांगलीच धातूची झणझण येते, आणि ‘हे का फ्लॅटवाउंड?’ असा संशय येतो. ती झणझण हळूहळू बसते. माझी अडचण वेगळीच होती. डी तार हाताला सतत ताठ लागे आणि ई तार सैल, आणि तीन तारांवरून खाली उतरणारा एखादा साधा तुकडा वाजवतानाही उजव्या हाताचा जोर प्रत्येक तारेला वेगळा ठेवावा लागे. सुरुवातीला हा माझ्या हाताचा दोष आहे असे मी धरून चालले. वरचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की या जाड्यांमध्ये डी तार जी आणि ए या दोघींपेक्षा सुमारे सतरा टक्के ताठ येते आणि ई त्या दोघींपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी सैल. हा काही त्या संचाचा दोष म्हणता येणार नाही, कारण अशा जाड्या अनेकांच्या संचांत असतात आणि अनेकांना त्या आवडतातही. घट्ट डी तारेवर सुरावट स्पष्ट उमटते. पण ज्याला चारही तारांवर बोट सारख्याच वजनाने पडावे असे वाटते, त्याने याच प्रकारातला १०५ची ई तार असलेला संच आधी हाताळून पाहावा.

दुसरा संच थोमास्टिक-इनफेल्ड या व्हिएन्नाच्या कंपनीच्या जॅझ फ्लॅट्सचा. कंपनी मूळची व्हायोलिन कुळातल्या वाद्यांच्या तारांसाठी प्रसिद्ध, आणि तारेला हात लावताच ते वळण जाणवते. जाडी ४३, ५६, ७०, १०० अशी आहे. मधल्या दोन तारांचे आकडे पुन्हा वाचावेत: नेहमीच्या ६५च्या जागी ५६ आणि ८५च्या जागी ७०. त्यामुळे ताण इतका कमी आहे की पहिल्या दिवशी मला तार चुकीच्या सप्तकात लागली की काय असे वाटले. ती बोटाखाली लवते, थरथरवता येते, आणि सितारवाल्यांच्या मींडेसारखी नसली तरी अर्ध्या स्वराची खेच बेसवर पहिल्यांदाच सहज जमली. आवाजात मधला पट्टा भरदार आहे. खर्ज त्यामागे थोडा मागे सरून उभा राहतो. एकटी बेस ऐकताना हे फार सुंदर वाटते, आणि चार वाद्यांच्या मेळात प्रत्येक स्वर ओळखू येतो.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सैल तार वाजवल्यावर जास्त रुंद फिरते. ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) आधीइतकीच खाली ठेवली आणि हात जड असला तर ती फ्रेटवर आपटते, आणि तो खडखडाट तारेचा आहे की सेटअपचा हे कळायला वेळ लागतो. माझ्या बेसवर तो दोन्हींचा होता. ताण कमी झाल्यामुळे नेक मागे सरकून जवळजवळ सरळ झाला होता; ट्रस रॉड (नेकची वाकण जुळवणारी आतली सळई) पाव फेरी सैल केला, एक दिवस थांबले, पुन्हा थोडा सैल केला. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरल्यावर सातव्या फ्रेटपाशी सुमारे ०.३ मिलिमीटरची फट दिसू लागली तेव्हा खडखड थांबली. शिवाय ८५साठी कापलेल्या नटच्या (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत ७०ची तार थोडी हलते. माझ्या बेसवर त्याने आवाज बिघडला नाही, पण मोकळी ए तार जोरात छेडली की खाचेत टिकटिक होणारी वाद्ये असू शकतात. मुख्य गोष्ट म्हणजे हा संच हाताला शिस्त लावतो. जोराने ओढून काम भागवायची सवय असेल तर पहिले दोन आठवडे तो शिक्षाच वाटेल. त्यानंतर मात्र उजव्या हाताचा जोर कमी होतो आणि आवाज ॲम्प्लिफायरकडून घ्यायची सवय लागते.

तिसरा रोटोसाउंडचा जॅझ बेस ७७. बाहेरची पट्टी मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची आहे आणि ४५ ते १०५ जाडीचा माझा संच चांगलाच ताठ होता. ज्याला तारेने हाताला विरोध करावा असे वाटते त्याच्यासाठी ही तार आहे. ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस रोटोसाउंडच्याच फ्लॅटवाउंड वापरतात, त्यांच्या नावाचा ५० ते ११० जाडीचा संचही मिळतो, आणि फ्लॅटवाउंड म्हणजे केवळ जॅझ आणि जुनी सोल गाणी ही समजूत खोडून काढायला ते एक उदाहरण पुरेसे आहे. त्यांच्या वाजवण्यात तार फ्रेटवर आपटण्याचा जो खणखणाट येतो तो ताज्या तारेचा आणि बोटांच्या जोराचा असतो. माझ्याकडे तसा जोर नाही. सहा महिन्यांत मी या तारेवर कधीच मोकळी झाले नाही, आणि तालमीच्या दुसऱ्या तासाला मनगट तक्रार करू लागे. पण ध्वनिमुद्रणात पिकने वाजवलेले सगळे तुकडे याच तारांवर सर्वांत नेटके आले, हेही खरे.

चौथा ला बेलाचा डीप टॉकिन बेस, ४५ ते १०५. जुना आवाज हवा असेल तर इथे पोहोचायला फार वाट पाहावी लागत नाही. पहिल्या दिवसापासूनच वरचा भाग मवाळ आहे आणि महिन्याभरात तो आणखी खाली बसतो. स्वर उमटतो, ठसा उमटवतो आणि बाजूला होतो. मोटाउन या सोल संगीताच्या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन याच कंपनीच्या ५२, ७३, ९५, ११० अशा भारी तारा वापरत आणि त्या बदलत नसत, ही गोष्ट बेसवादकांमध्ये इतकी सांगितली जाते की अनेकजण तोच भारी संच मागवून मोकळे होतात. मागवण्याआधी वरचा हिशेब करावा. ५२ची जी तार त्याच बांधणीच्या ४५च्या तारेपेक्षा सुमारे एक-तृतीयांश जास्त ताठ येते, आणि ४५साठी कापलेल्या नटच्या खाचेत ती बसत नाही. खाच कानशीने रुंद करावी लागते, आणि एकदा रुंद केलेली खाच पुन्हा अरुंद होत नाही. जेमरसन उजव्या हाताच्या तर्जनीने एकट्यानेच वाजवत, ब्रिजच्या (खालच्या टोकाला तारा अडकवतात त्या भागाच्या) झाकणाखाली स्पंजची पट्टी असे, आणि ॲक्शन उंच असे. त्या आवाजात तारेचा वाटा आहेच, पण स्पंजचा वाटा माझ्या मते त्याहून कमी नाही. ब्रिजलगत तारांखाली स्पंजचा एक तुकडा सरकवून पाहावा. माझ्या बेसवर या एका गोष्टीने क्रोम्स आणि ला बेला यांच्यातला निम्मा फरक पुसून टाकला. नवा संच घ्यायच्या आधी हा प्रयोग करायला हरकत नाही. मी केला असता तर एखादा संच कमी घेतला असता.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण ते मी दुसऱ्यांच्या बेसवर तासाभरापेक्षा जास्त वाजवलेले नाहीत. फेंडरच्या स्टेनलेस स्टीलच्या फ्लॅटवाउंड सरळमार्गी आहेत. अर्नी बॉलच्या कोबाल्ट फ्लॅटवाउंड क्रोम्सपेक्षाही उजळ वाटल्या, आणि स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवणे) सोडवत नसेल पण गुळगुळीतपणा हवा असेल तर त्यांचा विचार करावा. जर्मनीच्या पिरॅमिड गोल्ड निकेलच्या आहेत, मऊ आहेत, आणि पोकळ अंगाच्या छोट्या बेसवर शोभतात. हाफ राउंड किंवा ग्राउंडवाउंड नावाने मिळणाऱ्या तारा म्हणजे गोल वेढा घासून वरून सपाट केलेला असतो. त्या धड इकडच्या ना धड तिकडच्या असे माझे मत आहे, परंतु ते तासाभराचे मत आहे.

तारा चढवताना ज्या चुका होतात त्यांपैकी एक मी केली, ती सांगते. खुंटीत अडकवण्याआधी तार लांबीला कापायची होती. राउंडवाउंडच्या सवयीने मी ती सरळ असतानाच पकडीने कापली. फ्लॅटवाउंडची पट्टी अशा वेळी टोकाकडून सैल होऊ शकते, आणि माझी झालीच. त्या ई तारेला नंतर कधी नीट सूर सापडला नाही, बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (नुसत्या स्पर्शाने काढलेला उपस्वर) एकमेकांशी भांडत राहिले. जिथे कापायचे त्याच्या थोडे अलीकडे आधी काटकोनात वाकवून मगच कापावे, म्हणजे वेढा वाकणीपाशी अडकून राहतो. दुसरी काळजी पिळाची. खुंटी फिरवताना तारेला स्वतःभोवती पीळ बसला तर आवाज मेल्यासारखा येतो आणि तारच खराब निघाली असे वाटते. तार चढवून झाल्यावर थोडी सैल करून पीळ सुटू द्यावा. अर्थात तार खरोखरच खराब निघू शकते. एका कंपनीच्या सुट्या ए तारेची मी दोनदा बदली मागितली. छेडल्यावर तारेचे फिरणे स्वच्छ दिसते की डगमगते, हे उजेडात पाहिले तर दोष चटकन ओळखता येतो.

टोकाच्या रेशमी गुंडाळीकडेही लक्ष असावे. रंगीत रेशीम नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला सुरू झाले पाहिजे. ते वाजणाऱ्या लांबीत आले तर स्वर बोथट होतो, आणि फार पुढे सुरू झाले तर पूर्ण जाडीची तार खुंटीभोवती गुंडाळावी लागते. तीस इंची छोट्या स्केलच्या बेससाठी चौतीस इंची संच कापून वापरणे याच कारणाने टाळावे, छोट्या स्केलचे संच वेगळे मिळतात. ज्या बेसमध्ये तारा लाकडाच्या आरपार मागून येतात त्यांवर फ्लॅटवाउंड चढवण्याआधी त्या संचाला ते चालते का हे पाहावे, कारण ब्रिजवरच्या तीव्र वळणाला काही कंपन्या स्पष्ट नको म्हणतात. तिथे ब्रिजमागून तार घालायची सोय असेल तर तीच वापरावी.

ज्यांना ताठ संच आवडला पण हात दुखतो, त्यांना आणखी एक वाट आहे. संपूर्ण बेस अर्धा स्वर खाली लावला तर ताण अकरा टक्क्यांनी उतरतो, आणि पूर्ण स्वर खाली लावला तर वीस टक्क्यांनी. गायकाची पट्टी खाली असेल तर हे आपसूकच होते. रोटोसाउंडचा संच मी अर्धा स्वर उतरवून वाजवला तेव्हा तो पहिल्यांदा आपलासा वाटला, हे मात्र मान्य केले पाहिजे.

फ्लॅटवाउंडचा टिकाऊपणा हा वादाचा विषय उरलेला नाही. वेढ्यांत घाम आणि मळ साठायला जागा कमी असते, उजळपणा गेला तरी तो मुळात फारसा हवाच नसतो, आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत राहिले तर एक संच वर्षानुवर्षे चालतो. म्हणूनच निवड चुकली तर ती चूकही वर्षानुवर्षे चालते. त्यातल्या त्यात बरे म्हणजे उतरवलेला संच फुकट जात नाही. टोकांची वळणे न सोडता मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवला तर तो त्याच बेसवर पुन्हा चढतो.

माझ्या बेसवर सध्या पुन्हा जॅझ फ्लॅट्स आहेत, तोच जुना, उतरवून ठेवलेला संच. चढवल्यावर दोन दिवस सूर खाली उतरत राहिला आणि तिसऱ्या दिवशी स्थिरावला. ला बेलाचा संच त्याच्या पाकिटात आहे. जुन्या धाटणीचे काही ध्वनिमुद्रण आले की तो चढेल, आणि त्या वेळी ट्रस रॉड पाव-पाव फेरीने दोनदा आवळावा लागेल व ब्रिजवरची ई आणि ए तारांची सॅडल्स (तारा टेकवणारे सरकते आधार) किंचित मागे घ्यावी लागतील, असे पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.